ओटीचा कौल

सकाळचा चहा साताऱ्यात घेतला तर दुसरा हरिपुरात घेता येतो, इतका रस्ता आता चांगला झाला आहे. मधे कऱ्हाड लागतं, इस्लामपूर लागतं, आष्टा लागतं. म्हणजे त्यांच्या पाट्या लागतात. गावं कुठेतरी बाजूला, खाली राहून जातात. नदीचंही तेच. पुलाचा कठडा सुरू होतो, संपतो, आणि गाडी चालवणारा माझा मुलगा म्हणतो, "आई, कृष्णा गेली." जणू कृष्णा ही कुणी ओळखीची बाई, स्टँडवर उभी दिसली आणि मागे पडली.

त्या दिवशी आम्ही चहालाही थांबलो नाही. पहाटेच हरिपूरहून फोन आला होता. धाकटी काकी गेली होती.

कऱ्हाडच्या अलीकडे साखर कारखान्याच्या मळीचा वास गाडीत शिरला. मुलाने घाईघाईने काच वर केली. त्याने ती थोडा वेळ उघडी ठेवली असती तर मला चाललं असतं. त्या आंबूस वासाच्या तळाशी कुठेतरी एक जुना वास असतो. माघातल्या थंडीत, उसाच्या फडांमधून येणारा, कढत्या काकवीचा. गुऱ्हाळं होती तेव्हाचा. तो वास ज्या रस्त्याला येत असे, त्या रस्त्याने मी काकीबरोबर एकदाच गेले होते. लढाईची वर्षं होती आणि मी परकर नेसत होते.

तेव्हा पेट्रोल लढाईवर गेलं होतं. गावातली तरणी पोरंही. मागे उरलेल्या मोटारी कोळशावर चालत. आम्ही नेलेल्या मोटारीच्या पाठीला पिंपाएवढी लोखंडी भट्टी बांधलेली होती. दस्तगीरमामा नावाचे ड्रायव्हर निघण्याआधी पंख्याचा दांडा फिरवून ती फुलवत बसत. धूर निघे, ठिणग्या उडत, आणि बऱ्याच वेळाने गाडी अनिच्छेने हलत असे. चढ आला की तिचा दम संपे. मग दस्तगीरमामा मागे न बघता म्हणत, "उतरा आप्पासाब. चढाला कुनी साहेब नसतंय."

आप्पा उतरत. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. पहिल्या लढाईत सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. प्रवासाला निघताना ते कोटावर सगळी पदकं लावत, त्यामुळे चढावर गाडीमागून ते चालू लागले की जत्रेतला सजवलेला बैल येतोय असा आवाज व्हायचा. दुसऱ्या लढाईत त्यांनी आमच्या भागातून इतकी पोरं भरतीला नेली की साहेबांनी त्यांना दरबारात खुर्ची दिली. खुर्ची बसायला दिली होती, घरी न्यायला नव्हे. पण आप्पा पुढे आयुष्यभर त्या खुर्चीवरून उठले नाहीत. इतरांची पोरं मागायची तर घरचंही एक द्यावं लागतं. त्यांनी आपला सर्वांत धाकटा भाऊ दिला.

हा काका मला आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. पायाला पट्ट्या गुंडाळताना तो शीळ घालायचा. त्याच्या अंगाला चुलीत भाजलेल्या शेंगांचा वास यायचा. आमच्या माहुलीच्या घाटावरून तो नदीत उडी टाके तेव्हा काठावरच्या बायका "अगं बाई!" म्हणून डोळे झाकत आणि बोटांच्या फटीतून बघत. लग्नानंतर सहाच महिन्यांत तो बोटीवर चढला. मग सिंगापूर पडलं आणि सरकारी कागद आला. त्यात तो मेला असं नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. 'बेपत्ता' एवढंच होतं. सरकारला अशा शब्दांनी काम भागवता येतं. घरात तसं भागत नाही. घरात त्याची बायको असते, आणि रोज सकाळी तिने कुंकू लावायचं की नाही हा प्रश्न असतो.

ती लावत होती. तीन पावसाळे झाले होते. लोक तिच्या कपाळाकडे बघायचे आणि मग दुसरीकडे बघायचे.

निघायच्या सकाळी आईने मला चुलीपाशी ओढलं. "पोरी, ध्यान दे. काकीला माहेराला सोडायला निघालाय, ह्ये खरं. पर वाटंत चार घरं हायती. पाटनला आत्या, कऱ्हाडात वकील, आष्ट्याला आप्पांचं मामा, आन् शेवटाला हरिपूर. निघताना घरची बाई सवाशिनीची वटी भरती का न्हाई?"

"भरती."

"मग बघ. ज्या घरी काकीची वटी भरतील, त्या घरी तुझा काका जिता. न्हाई भरली तर..." तिने पुढचं वाक्य फुंकणीत घातलं आणि जाळ केला. "आप्पा तोंडानं कुनाला इचारनार न्हाईत. निसतं बघनार. समद्यांनी भरली तर तुमच्यासंगं मागारी आननार तिला. न्हाई तर तिला माहेरातच ठेवनार, आन् संगमावर पळसाच्या पानांचा पुतळा करून काकाचं दहन. मग तिच्या बांगड्या फोडायच्या."

देवाला फुलं लावून कौल घेतात तसा हा कौल होता. फरक इतकाच की देवाला विचारणारा माणूस निदान हात जोडून उभा राहतो. आप्पा पाव्हण्यांच्या सोप्यावर तक्क्याला टेकून विडा खात बसणार होते.

मला बरोबर घेतलं होतं त्याला कारण होतं. आमच्यात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नसत. मधे कुणीतरी लागे. ते कुणीतरी म्हणजे मी. काकी माझ्या शेजारी, आप्पा पुढे; दोघांत हातभर अंतर. आप्पा म्हणायचे, "काकीला सांग, पदर आवर म्हनावं, ठिणग्या येत्यात." मी काकीकडे वळायचे. तिने ते ऐकलेलं असे, पदर आवरलेलाही असे. ती म्हणायची, "आवरला म्हनावं." मी पुढे वळून सांगायचे, "आवरला." दस्तगीरमामा एकदा म्हणाले, "आप्पासाब, तार हापिसापरास ही पोरगी बरी. पैसं घेत न्हाई." आप्पा हसले नाहीत. काकी मात्र पदरात हसली. ते हसणं मला गुडघ्याला गुडघा लागला होता म्हणून कळलं.

ती तेव्हा विशीची असेल. कपाळावर कुंकू, आणि कुंकवाखाली गोंदणाचा एक हिरवट ठिपका. नदी दिसली की ती मान वळवून बघायची. मला म्हणाली, "माझं बरं हाय गं. सासरचं पानी व्हात व्हात माहेराला जातंय. बाकीच्या पोरींचं उलटं असतंय."

पाटणला कोयनेवरून येणारं धुकं दुपारपर्यंत उठत नसे. आत्याच्या घरात ओल्या लाकडांचा धूर होता, तांबड्या तांदळाच्या भाताची वाफ होती, आणि आत्या होती, जिच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात भांडणासारखी व्हायची. निघताना तिने सूप भरून तांदूळ आणला आणि सोप्यावर आप्पा बसले होते तिथपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धर गं पदर. माझा भाऊ हाय त्यो. त्यो न्हाई म्हननारं कोन हाय ते मला बघायचंय." आप्पांनी छताकडे बघितलं. आत्याने काकीची ओटी इतकी भरली की पदराची गाठ बसेना. गाडीत काकीने ओटीतले चार दाणे मला दिले आणि आम्ही दोघी ते कच्चेच चघळत बसलो. दुधाळ, जरासा मातकट. तसला तांदूळ आता मिळत नाही. मिळाला तरी तो चघळायला ती गाडी नाही.

कऱ्हाडला वकिलांकडे मोठं घड्याळ होतं, बादशहाचा फोटो होता आणि चहाला कपबशी होती. आप्पांना तिथे फार बरं वाटायचं. दोघं खुर्च्यांवर बसून लढाई कशी जिंकायची ते ठरवत होते. खाली दोन नद्या एकमेकींना समोरासमोर येऊन भेटत होत्या, तो आवाज माजघरापर्यंत येत होता. निघायची वेळ झाली. काकी पदर सारखा करून माजघराच्या दारात उभी राहिली. आतून वकिलीणबाईंचा आवाज आला, "दूध उतू जातंय गं बाई, आले हं." आम्ही थांबलो. घड्याळाचे ठोके पडले. पुन्हा आवाज आला, "आले हं." मला दाराच्या फटीतून ताट दिसत होतं. त्यात नारळ होता, खण होता, सगळं मांडून तयार होतं. आणि चुलीवर काहीही नव्हतं. शेवटी मोलकरीण बाहेर आली आणि आमच्या दोघींच्या हातावर साखर ठेवून आत गेली.

काकीने साखर खाल्ली नाही. मूठ मिटून ठेवली. पुलावर गाडी आली तेव्हा तिने हात बाहेर काढून मूठ उघडली. साखर कुठे पडली ते दिसलं नाही.

वाळवा तालुका सुरू झाला तशी आप्पांनी एकेक करून पदकं काढली आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. त्या दिवसांत तिकडच्या रानात सरकारच्या माणसांना न मानणारी पोरं फिरत असत. दस्तगीरमामा म्हणाले, "आप्पासाब, कोटावर भोकं दिसत्यात की." आप्पांनी वर उपरणं घेतलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून गुऱ्हाळाचा धूर. एका गुऱ्हाळावर कुणीतरी आम्हाला थांबवून द्रोणातून गरम काकवी दिली. देणाऱ्याने आप्पांना "कुठलं पाव्हणं?" विचारलं. आप्पा म्हणाले, "आमी साधी शेतकरी मानसं." ते त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते भीतीने बोलले होते.

आष्ट्याला मामांच्या घरी मसलत झाली. मामा म्हातारे, शहाणे. कुणाचंच मन न दुखवता आयुष्य काढलेले. त्यांनी सुनेला बोलावून हळूच सांगितलं, पण ते बहिरे असल्यामुळे त्यांचं हळूच सगळ्यांना ऐकू आलं. "वटी भर, पर खण नगं. नारळ दे, पर कुक्कू नगं लावू. न्हाई म्हनायला नगं आन् हाय म्हनायला बी नगं."

सुनेने गहू घातले, नारळ घातला. कुंकवाच्या करंड्याकडे गेलेला हात वाटेतच थांबला, आणि मग त्या हाताला काही काम नाही म्हणून तिने तो काकीच्या गालावरून फिरवला. बिचारी रडायला लागली. काकी रडली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "अर्धा मानूस बी असतो व्हय गं?"

एक घर हो म्हणालं होतं, एक नाही, एक दोन्ही. आता सगळं हरिपूरवर होतं, काकीच्या माहेरावर.

हरिपूर हळदीचं गाव. कृष्णेच्या काठी जमिनीत पेवं खणलेली, त्यांत हळद साठवलेली असायची. माघात नवी हळद कढईत शिजत असे. गावाच्या शिवेपासूनच तो उग्र, ओला, मातीचा वास नाकात बसायचा. भिंतींचे कोपरे पिवळे, माणसांच्या टाचा पिवळ्या, कोंबड्यांची पिसंसुद्धा पिवळी. काकी गाडीतून उतरली तशी धावतच आत गेली. घरात तिची आई, भाऊ आणि भावजय. आईचं कपाळ खूप वर्षांपासून मोकळं होतं. भावजयीला पहिल्यांदाच दिवस गेले होते.

दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी जेवणं झाली. आप्पा सोप्यावर बसले. अंगणात कढई रटरटत होती, रस्त्यावर दस्तगीरमामांनी भट्टी फुलवायला घेतली होती. भावजय ताट घेऊन माजघरात आली, काकीसमोर उभी राहिली, आणि तिथेच थिजली. ताटातला नारळ गडगडत एका कडेला आला.

"वन्सं, मला जमायचं न्हाई," ती म्हणाली. "माझं पयलं हाय वो. कायतरी कमीजास्त झालं म्हंजी..."

काकी म्हणाली, "व्हय वैनी. ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात काकीच्या आईने पुढे होऊन सुनेच्या हातातलं ताट घेतलं. सून ओरडलीच, "आत्याबाई, तुमी नगा!" आईने ऐकलं नाही. तांदूळ घातला, हळकुंड घातलं, नारळ घातला, खण घातला. तांदूळ बराच खाली सांडला.

सोप्यावर आप्पा खाकरले. "विहीणबाई, तुमच्या हातची वटी रीतीला धरून न्हाई. ती मोजता यायची न्हाई."

"मग नका मोजू," म्हातारी म्हणाली. "ही सवाशिनीची न्हाई. लेकीची हाय."

आप्पांनी विडा तोंडात टाकला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काकीला इचार, गाडीत बसायचं का..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मी सवयीने काकीकडे वळले. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. दोन्ही हातांनी ओटी सावरत ती उंबऱ्यापाशी आली होती. पदर डोळ्यांपर्यंत खाली होता, ओठ तेवढे दिसत होते.

"भाऊजी," ती म्हणाली. थोरल्या दिराला तिने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. घरातल्या कुणीच नसेल ऐकली. "त्यास्नी तुमी न्हेलं. जाताना सदऱ्याची बटनं तुमी लावली, मी दारातनं बघत हुते. मग तुमीच सांगा. हायती का न्हाईत? तुमी सांगशीला ते मी ऐकीन. बांगड्या फोडा म्हनला तर हितंच फोडते. पर ह्या बायकांच्या हातातनं नगं. तुमच्या तोंडातनं पायजे."

अंगणात हळद शिजत होती. तिचा आवाज त्या घरात एवढा मोठा कधी वाटला नसेल.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात विड्याचा लाल ओघळ आला होता आणि त्यांना तो कळत नव्हता. दरबारात, भरतीच्या सभेत, चावडीवर हा माणूस तासतासभर बोलत असे. आता त्यांना एक शब्द बोलायचा होता, दोन्हींपैकी कुठलाही. तो टाळण्यासाठी त्यांनी कोळशाची मोटार पाटणपासून हरिपूरपर्यंत फिरवली होती.

ते उठले. "पोरी, दस्तगीरनं गाडी फुलवली का बघ," म्हणाले, आणि जोडा पायात न घालता हातात घेऊनच रस्त्यावर गेले.

परतीच्या वाटेवर मला कुणाचा निरोप कुणाला सांगायचा नव्हता.

लढाई संपली. ट्रंका घेऊन माणसं आली, काहींचा एक हात आला नाही, काहींची फक्त ट्रंक आली. काका आला नाही. आप्पांनी पुतळ्याचं दहन केलं नाही, कुणी विषय काढला तर उठून जात. काकी हरिपुरातच राहिली. तिने डोरलं काढलं नाही आणि कुंकू पुन्हा लावलं नाही. कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा राहिला. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की न बोलवावं हे बायकांना कळेना, म्हणून त्या तिच्या घरावरून जाताना भरभर चालत. ती शेतात राबली, हळद शिजवली, भावाची पोरं वाढवली. मी शिकले, शिकवू लागले, रीतिभातींवर वर्गात चार शहाणपणाची वाक्यं बोलू लागले. दोनतीन वर्षांनी एकदा हरिपूरला जायचे. एकदा धीर करून विचारलं, "काकी, अजून वाट बघतेस?" ती हळद निवडत होती. म्हणाली, "वाट न्हाई गं. सवय हाय." पुढे मोठ्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद गेली. आता गावात तो वास येत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं रस्त्यावर उभी होती. आत काकीला आंघोळ घालून ठेवलं होतं. इतकी लहान झाली होती की शेजारी जागाच जागा दिसत होती. बायकांनी मला वाट करून दिली. तिच्या भावाची सून पुढे आली. तिच्या हातात कुंकवाचं ताट होतं.

"तुमच्यासाठीच थांबलोय," ती म्हणाली. "तिच्या सासरचं आता तुमीच तेवढं ऱ्हायलाय. आमाला ठरवता येईना. मळवट भरायचा का न्हाई, तुमी सांगा."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी आयुष्यभर आप्पांना हसत आले आहे. या लिहिण्यातही हसलेच आहे. पण त्या क्षणी मीही दाराकडे बघितलं. नको म्हणावं तर साठ वर्षांत जे कुणी तोंडाने बोललं नाही ते मी बोलणार, काकाला मी मारणार. भरा म्हणावं तर नव्वदी ओलांडलेला एक माणूस कुठेतरी मलायात अजून पट्ट्या गुंडाळत बसला आहे असं मी सांगणार. दोन्ही मला खरं वाटत नव्हतं. आणि तिला काय हवं असतं ते मी तिला कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. बाहेरून पुरुषांचा आवाज आला, "आवं, आवरा की. ऊन व्हाया लागलं."

"भरा," मी म्हणाले.

त्यांनी भरला. भांगापासून भुवयांपर्यंत, लालभडक. गोंदणाचा ठिपका त्याखाली दिसेनासा झाला. मग हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली, खण, नारळ, सगळं, रीतीप्रमाणे. कुणाचाही हात थांबला नाही. शेजारची एक म्हातारी पुढे वाकली. तिने काकीच्या कपाळावरचं कुंकू बोटाने उचललं आणि आपल्या नव्या सुनेच्या कपाळाला लावलं. मग बाकीच्याही पोरीसुनांना घेऊन एकामागून एक पुढे येऊ लागल्या.

"पाया पड गं," म्हातारी सुनेला अगदी मनापासून सांगत होती. "लय भाग्याची बाई. अहेव गेली."